दहा श्वासांचा एक मणी

घरात झोपलेलं तान्हं मूल असेल तर एक प्रयोग करून पाहा. घड्याळात एक मिनिट लावा आणि बाळाचं पोट किती वेळा वर येतं ते मोजा. पहिल्या पंधरा-वीसपर्यंत सगळं सुरळीत चालतं. मग बाळ मध्येच उसासा टाकतं. तो धरायचा की सोडायचा, या विचारात पुढचे दोन श्वास निसटतात. मग ते पाय झाडतं, दुपटं सरकतं, आणि आपण तिसावर होतो की बत्तिसावर हे आठवेनासं होतं. भाचीच्या मुलावर मी लागोपाठ तीनदा हे करून पाहिलं. तीन वेगळे आकडे आले. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा यांत नऊचं अंतर. मूल ठणठणीत होतं, खोलीत लख्ख उजेड होता, आणि मला अंक येतात.

आता हाच प्रयोग गडचिरोलीतल्या कुडाच्या घरात करायचा आहे. ऐंशीचं दशक सरत आलेलं. पावसाळ्याची रात्र, उजेड चिमणीचा, मूल तापानं फणफणलेलं, आणि मोजायला बसलेली दाई शाळेची पायरी चढलेली नाही. पाच-दहा वस्तू ती बिनचूक मोजते. पन्नासपर्यंत सलग, तेही एका मिनिटात, असं मोजण्याची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. मुलाला औषध द्यायचं की नाही, हे तिच्या आकड्यावर ठरणार आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जंगली जिल्ह्यांत गेल्या चाळीस वर्षांत जे संशोधन झालं, त्यातलं पुष्कळसं शेवटी असल्या एखाद्या मोजणीपाशी येऊन अडतं. श्वास मोजायचे, बांबू मोजायचा, वाघ मोजायचे. काय मोजायचं हे लवकर ठरतं. मोजणार कोण, तो कुठे उभा असणार आणि चूक झाली तर ती कोणाच्या अंगावर येणार, यात खरी डोकेफोड असते. यंत्रशास्त्र, संगणकशास्त्र आणि व्यवस्थापन असे तीन वेगळे विभाग विद्यापीठात असतात. जंगलात ते एकाच माणसाच्या हातात येऊन पडतात.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा झाला. दोनतृतीयांशाहून अधिक भूभाग जंगलाखाली, पावसाळ्यात नाल्यांनी तुटणारी गावं, आणि डॉक्टर म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणची गोष्ट. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये इथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांनी नोंदी ठेवायला सुरुवात केली तेव्हा जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १२१ मुलं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. या मृत्यूंमध्ये न्यूमोनियाचा वाटा मोठा होता. विदर्भातल्या बायका ‘लेकराला डब्बा झाला’ म्हणतात तो आजार हाच. पोट फुगल्यासारखं उडतं, बरगड्या आत ओढल्या जातात. आणि कित्येक घरांत त्यावरचा उपाय म्हणजे पोटावर डागणं.

न्यूमोनिया ओळखायला स्टेथोस्कोप आणि एक्स-रे लागतो, असं तोवर वैद्यकाच्या पुस्तकात होतं. फ्रँक शॅन या डॉक्टरने पापुआ न्यू गिनीमध्ये काम करताना वेगळंच दाखवून दिलं. फुफ्फुसात सूज आली की ते ताठर होतं. ताठर फुग्यात एका दमात थोडीच हवा मावते, म्हणून मूल उथळ आणि भराभर श्वास घेऊ लागतं. म्हणजे नुसता श्वासाचा वेग मोजला तरी न्यूमोनियाचा बऱ्यापैकी अंदाज बांधता येतो. गडचिरोलीत रेघ ठरली ती अशी : दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा अधिक श्वास, त्यापेक्षा मोठ्या मुलाचे पन्नास किंवा अधिक. रेघ ओलांडली की गोळ्या किंवा पातळ औषध सुरू. औषध स्वस्त होतं. अडत होतं ते पन्नासपर्यंत मोजण्याच्या ठिकाणी.

यावर निघालेलं यंत्र मला या दोन जिल्ह्यांतला अभियांत्रिकीचा सर्वांत देखणा नमुना वाटतो. त्यात एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आहे, आणि शेजारी ओळीत ओवलेले मणी आहेत. तान्ह्या बाळांसाठी एक ओळ, मोठ्या मुलांसाठी दुसरी. वाळू उलटी करायची. मुलाचं पोट पाहत दहा श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहा, पुन्हा एक मणी. ओळीतला शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत बोट लाल मण्याला लागलं तर न्यूमोनिया. आधी वाळू संपली तर साधा सर्दी-खोकला.

जरा थांबून या वस्तूकडे नीट पाहू. पन्नासचा आकडा दाईच्या डोक्यातून उचलून मण्यांत ठेवला आहे. जप करणाऱ्या आजीलाही एकशे आठ लक्षात ठेवावे लागत नाहीत; माळ ते लक्षात ठेवते, बोटांना फक्त पुढचा मणी माहीत असावा लागतो. वजाबाकी नाही, तुलना नाही, वाचायचा आकडा नाही. ‘पन्नास किंवा अधिक आहेत का’ हा प्रश्न ‘वाळू आधी की लाल मणी आधी’ असा झाला आहे, आणि कोण आधी पोचलं हे सांगायला शाळा लागत नाही. बॅटरी संपत नाही, पडद्यावर भेग जात नाही, दुरुस्तीला नागपूरला पाठवावं लागत नाही. १९९२ मध्ये या यंत्राची माहिती ‘इंडियन जर्नल ऑफ पीडियाट्रिक्स’मध्ये छापून आली.

गावातल्याच माणसांच्या हाती निदान आणि औषध दिल्याने काय होतं, याची चाचणीही झाली होती. ५८ गावांत पॅरामेडिक, ग्राम आरोग्यसेवक आणि दाया यांच्यामार्फत उपचार. शेजारची ४४ गावं तुलनेसाठी. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत १७.५ होते, उपचाराच्या गावांत ८.१. न्यूमोनिया झालेल्या शंभर मुलांपैकी तिकडे साडेतेराच्या आसपास दगावत, इकडे एकही पुरतं नाही, दशांशात ०.८.

पण लाल मण्याबद्दल एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. तो कितव्या जागी ओवायचा, हा विज्ञानाइतकाच सोसण्याचाही प्रश्न आहे. मणी अलीकडे ओवला तर नुसत्या सर्दीच्या, रडून दमलेल्या, तापाने धापा टाकणाऱ्या मुलांनाही प्रतिजैविकं मिळणार. औषध वाया जाणार आणि जंतू त्याला सरावणार. मणी पलीकडे सरकवला तर एखादं खरोखर आजारी मूल ‘साधी सर्दी’ म्हणून घरी राहणार. दोन्हीकडे चूक आहेच. फक्त एका चुकीची किंमत औषधाच्या बाटलीत मोजली जाते आणि दुसरीची पाळण्यात. हा लाल मणी पुढे वाघांच्या बाबतीतही भेटणार आहे, म्हणून तो ध्यानात असू द्या.

आज हेच काम इलेक्ट्रॉनिक्सकडे आलं आहे. युनिसेफने गेल्या दशकात श्वास आपोआप मोजणाऱ्या यंत्रांना चालना दिली. फिलिप्स कंपनीचं एक यंत्र पट्ट्याने बाळाच्या पोटावर बांधतात आणि आतला संवेदक पोटाच्या हालचालीवरून श्वास मोजतो. गंमत अशी की असं यंत्र बरोबर मोजतं की चूक, हे तपासायचं कशाशी ताडून? तज्ज्ञ डॉक्टरांनी चित्रफीत पाहून केलेल्या मोजणीशी. आणि तज्ज्ञांचे आकडेही आपसांत जुळत नाहीत, असं पुन्हा पुन्हा दिसून आलं. भाचीच्या मुलावरच्या माझ्या नऊच्या फरकाची लाज मला तेव्हापासून वाटेनाशी झाली.

नवजात बालकांची गोष्ट इथे थोडक्यात सांगतो, कारण ती अनेकांना माहीत आहे. ‘सर्च’ने ३९ गावांत गावातल्याच थोडं शिकलेल्या बायका आरोग्यदूत म्हणून तयार केल्या, ४७ गावं तुलनेला; घरी जाऊन बाळाचं वजन, ताप, श्वास पाहणं, ऊब देणं, जंतुसंसर्गावर इंजेक्शन देणं. डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला. २०११ पासून देशभरच्या आशाताई हीच पद्धत थोड्या फरकाने राबवतात. त्यांच्या पिशवीत झोळीचा वजनकाटा, थर्मामीटर, दुपटं आणि एक डिजिटल घड्याळ असतं. आशाताई शिकलेल्या असतात, त्यांना पन्नास मोजता येतात. तेव्हा मणी गेले, घड्याळ आलं. हात बदलला की हत्यार बदलतं, आणि ते योग्यच झालं.

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की चातगावजवळ ‘सर्च’चं शोधग्राम लागतं. त्याच रस्त्याने पुढे, धानोऱ्याच्या अलीकडे, मेंढा हे गोंडांचं छोटं गाव आहे. शेजारच्या लेखा गावासह नाव घेतात म्हणून मेंढा-लेखा. ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचं राज्य, म्हणणारं. इथे मोजायचा होता बांबू. वनस्पतिशास्त्राच्या लेखी बांबू हे गवत आहे. वनखात्याच्या जुन्या कायद्याच्या लेखी ते झाड होतं, आणि झाड म्हटलं की तोडणारा, मोजणारा आणि विकणारा सरकार. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला बांबू याच जंगलांतून जायचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनउपजात घातलं, २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि परवान्याचं पुस्तक खात्याच्या कपाटात. म्हणजे जंगल गावाचं, बांबू गावाचा, आणि किती नग गेले हे लिहिणारं पेन दुसऱ्याचं.

२७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. बातम्यांत तो सोहळा झाला, पण मला त्यातला कारकुनी भाग जास्त मोलाचा वाटतो. परवाना लिहायचा म्हणजे गाडी भरताना उभं राहून नग मोजणं, रकाने भरणं, सही करणं, आणि गावाला हिशेब दाखवणं. हे जमलं, कारण गावाची तालीम आधीपासून चालू होती. कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावचेच देवाजी तोफा यांच्या सोबतीने मेंढ्यात वर्षानुवर्षं अभ्यासगट बसत आले. कायदा वाचायचा, समजेपर्यंत चर्चा करायची, आणि ग्रामसभेत निर्णय बहुमताने न घेता सर्वांच्या संमतीने घ्यायचा. व्यवस्थापनाच्या वर्गात यावर नाक मुरडतील : एका माणसाच्या नकाराने सगळं थांबतं, वेळ किती जातो! वेळ जातोच. पण पुढे मोजणीवर कोणी संशय घेत नाही, त्यात तो वेळ वसूल होतो.

गडचिरोलीहून मूलकडे निघालं की वैनगंगेच्या पुलापलीकडे चंद्रपूर जिल्हा सुरू होतो. धानाच्या बांध्या, मामा तलाव (मामाचा नव्हे, माजी मालगुजारी तलावाचं हे सरकारी लघुरूप), आणि बांध्यांच्या कडेपर्यंत आलेलं जंगल. इथे मोजायचे आहेत वाघ.

जुनी रीत ठशांची होती. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ मध्ये ती बसवून दिली. धुळीत उमटलेला ठसा काचेवर गिरवायचा, प्लॅस्टरचा साचा काढायचा, आणि हा अमुक वाघ, तो तमुक असं ठरवायचं. मुरलेल्या वनमजुराची नजर कमी लेखायचं कारण नाही. पण एकाच वाघाचा पाय चिखलात, रेतीत आणि फुफाट्यात तीन आकारांचा उमटतो. आणि ज्या अधिकाऱ्याच्या कामाचं मोल वाघांच्या आकड्यावर ठरतं, तोच आकडा ठरवतो, हा घोळ ठशाहून मोठा होता. राजस्थानातल्या सरिस्कामध्ये कागदावर डझनाहून अधिक वाघ होते. २००५ मध्ये तिथे एकही उरला नसल्याचं उघड झालं. सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृती दल बसलं, आणि २००६ पासून देशाची व्याघ्रगणना नव्या पायावर आली. कर्नाटकात उल्हास कारंथ यांनी नव्वदच्या दशकातच ती वाट दाखवून ठेवली होती : वाघाच्या पायाकडे पाहू नका, अंगावरच्या पट्ट्यांकडे पाहा.

दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. एकाच वाघाची डावी आणि उजवी कूसही सारखी नसते. म्हणून चंद्रपूरच्या ताडोबा जंगलात वाटांवर कॅमेरे जोडीने, समोरासमोर, गुडघ्याइतक्या उंचीवर खांबांना बांधतात. जंगलाचे दोन-दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडायचे, प्रत्येकात जिथून वाघ जाण्याचा संभव जास्त ती वाट शोधायची आणि तिथे जोडी लावायची. इथे पुन्हा बीटगार्डची नजरच कामाला येते. कुठल्या वळणावर वाघ झाडाला घासून जातो हे संगणकाला ठाऊक नसतं. समोरून ऊब असलेलं काही हललं की फोटो. वाघाचा, रानडुकराचा, गुराख्याचा. कॅमेऱ्याला सगळे सारखे.

२०२२ च्या देशव्यापी गणनेत ३२,५८८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि ४ कोटी ७० लाखांहून अधिक फोटो जमले. वाघाचे त्यात ९७,३९९. म्हणजे सुमारे पाचशे फोटो चाळावे तेव्हा एकात वाघ. डोळ्यांनी चाळायचे म्हटलं तर पुढची गणना येईपर्यंत मागची संपणार नाही, म्हणून पहिली चाळणी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली लावते : हे सांबर, ही माकडं, हा वाघ. दुसरी प्रणाली वाघाच्या फोटोवर त्रिमितीय साचा चढवते, जणू कातडं पसरून इस्त्री केली, म्हणजे वाघ वळलेला असो वा वाकलेला, पट्टे एकमेकांशी ताडता येतात. ती संभाव्य जोड्या पुढे ठेवते. हा तोच, असं अखेर माणूस म्हणतो.

या रीतीने ३,०८० वेगवेगळे वाघ फोटोत सापडले. देशाचा अंदाज मात्र ३,६८२ चा लागला. जे फोटोत आलेच नाहीत ते सहाशे वाघ मोजले कसे? चंद्रपुरातल्या ढिवराला हे लगेच समजेल. समजा तलावात मासे किती ते ठरवायचं आहे. जाळं टाका, शंभर मासे धरा, प्रत्येकाच्या पराला बारीक खूण करा, सोडून द्या. चार दिवसांनी पुन्हा जाळं टाका. या वेळच्या शंभरांत वीस खुणेचे निघाले, तर तलावातला दर पाचवा मासा खुणेचा आहे. खुणा शंभरच केल्या होत्या, तेव्हा मासे पाचशेच्या आसपास. वाघाला खूण करावी लागत नाही, तो ती जन्मतःच अंगावर घेऊन येतो. तेच ते वाघ कॅमेऱ्यासमोर किती वेळा फिरून येतात, यावरून न आलेल्यांचा अंदाज निघतो. अर्थात तलावाला काठ असतो, जंगलाला नसतो. वाघ चौकोनाबाहेर जातो, नर वाघ वाघिणीपेक्षा जास्त भटकतो, एखादा कॅमेरा हत्ती तुडवतो. म्हणून आता कुठला वाघ कुठल्या कॅमेऱ्यावर दिसला हेही गणितात धरतात आणि उत्तर एका आकड्यात न देता पट्ट्यात देतात : कमीत कमी ३,१६७, जास्तीत जास्त ३,९२५. वर्तमानपत्रं मधला आकडा उचलतात.

महाराष्ट्राचे आकडे २००६ मध्ये १०३, २०१४ मध्ये १९०, २०१८ मध्ये ३१२ आणि २०२२ मध्ये ४४४ असे चढत गेले. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा गाभा सव्वासहाशे चौरस किलोमीटरचा. एवढ्यात चंद्रपूरकडचे सगळे वाघ मावत नाहीत. ते ब्रह्मपुरीत आहेत, सिंदेवाहीत, सावलीत, गडचिरोलीच्या वडसा भागात आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराला मारलं. चिमण्यांच्या धुराखाली, कोळशाच्या पट्ट्याशेजारी वाघ.

गणनेचं तंत्र मग गुन्हे शाखेच्या कामाला आलं. एका भागात माणसं मारली जात आहेत. मारणारा वाघ एकच की दोन? कोणता? वन्यजीव कायद्यानुसार वाघ पकडायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाचा आदेश लागतो, आणि चुकीचा वाघ पकडला तर मारणारा मोकळाच राहतो. अशा वेळी पट्टे म्हणजे ओळखपरेड. ‘सीटी-१’ नावाच्या वाघाने वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी या भागांत मिळून तेरा माणसं मारली होती. माग काढून ऑक्टोबर २०२२ मध्ये वडशाच्या जंगलात त्याला बेशुद्ध करून जेरबंद केलं.

मोजणारा कुठे उभा असतो, हा प्रश्न मी सुरुवातीला टाकला होता. २० नोव्हेंबर २०२१. व्याघ्रगणनेच्या तयारीत ताडोबाच्या कोलारा भागात एक महिला वनरक्षक तीन वनमजुरांसह पायी खुणा नोंदवत चालली होती. वाटेत वाघीण बसलेली दिसली. ते थांबले, वाट पाहिली, मग दाट झाडीतून वळसा घालून पुढे निघाले. वाघिणीने मागून येऊन तिला ओढून नेलं. त्यानंतर ताडोबातली पायी मोजणी थांबवण्यात आली. सबंध देशाच्या त्या आकड्यात, ३,६८२ मध्ये, अशा पायी चाललेल्या किलोमीटरांची बेरीज आहे.

यापुढचं पाऊल आज टाकलं जात आहे : कॅमेऱ्याने वाघ मोजायचाच, पण तो आला हे त्याच क्षणी सांगायचंही. जुन्या कॅमेऱ्यातलं कार्ड आठवड्याने काढलं जातं. तोवर वाघ गोठ्यातून जाऊन आलेला असतो. शेजारच्या कान्हा-पेंच पट्ट्यात ‘ट्रेलगार्ड’ नावाच्या कॅमेऱ्यांची चाचणी झाली. फोटोत वाघ आहे का हे कॅमेरा स्वतःच ठरवतो आणि असला तरच तो पाठवतो. अर्ध्या-एक मिनिटात फोटो वनाधिकाऱ्याच्या मोबाइलवर. ‘बायोसायन्स’ या नियतकालिकात २०२३ मध्ये त्याचा वृत्तान्त आला. ताडोबाच्या बफरमध्ये, मोहर्लीजवळच्या सीतारामपेठेत, गावाच्या कडेने असे कॅमेरे उभे करून ‘आभासी भिंत’ घातली गेली. वाघ, बिबट, अस्वल दिसलं की संदेश जातो, भोंगा वाजतो.

कल्पना उत्तम आहे. आता लाल मणी बाहेर काढा. हिशेबापुरतं धरू की गावाच्या कडेला सहा कॅमेरे आहेत आणि रात्रभरात प्रत्येकासमोरून दोनशे वेळा काहीतरी जातं : गाय, कुत्रं, बैलगाडी, उशिरा घरी परतणारा माणूस. झाले बाराशे. प्रणाली शंभरांत नव्व्याण्णव वेळा बरोबर आहे, म्हणजे परीक्षेत पहिली यावी अशी. तरी रोज बारा वेळा भोंगा खोटाच वाजणार. महिन्याला तीनशे साठ वेळा. खरा वाघ महिन्यातून दोनदा येतो असं मानलं, तर भोंगा ऐकून दार लावून बसलेला माणूस आठवडाभरात उशी कानावर ओढून झोपायला शिकेल. अचूकता दहापट वाढवून हजारांत एकच चूक आणली, तरी महिन्याला छत्तीस खोटे भोंगे आणि दोन खरे. मग अभियंता खुंटी पिळतो : अगदी खात्री असेल तरच वाजव. त्यासरशी खोटे भोंगे कमी होतात, आणि धुक्यात अर्धवट दिसलेला एखादा खरा वाघही बिनआवाजी निघून जातो. दाईच्या ओळीतला मणी अलीकडे-पलीकडे करण्याचाच हा प्रकार आहे. फरक एवढाच की तिचा मणी डोळ्यांसमोर होता. इथला कुठल्या तरी शहरातल्या संगणकात दशांश चिन्हाच्या रूपात बसला आहे, आणि तो कुठे ठेवावा हे उशी ओढणाऱ्याला कोणी विचारलेलं नाही. विचारायला हवं. मेंढ्याच्या पद्धतीने विचारलं, तर कदाचित गावाच्या रात्रपाळीला किती खोटे भोंगे सोसतील याचा आकडाही निघेल.

आणखी एक अडचण गणिताच्या आधीची आहे. आभासी भिंत गावाला असते, आणि माणसं मरतात ती बहुतेक भिंतीच्या पलीकडे. मोहफुलाच्या दिवसांत पहाटे, सरपणाला, गुरांमागे, आणि एप्रिल-मेच्या तेंदूच्या हंगामात. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. तेंदू तोडणारी बाई खाली वाकलेली असते, कारण कोवळं पान झुडपाला खालीच असतं. वाकलेलं, पाठमोरं, चार पायांच्या उंचीचं काहीतरी. तिला थांबा म्हणून सांगणं सोपं आहे. या दोन-तीन आठवड्यांच्या पैशांवर खरिपाचं बियाणं आणि पोरांची वह्या-पुस्तकं येतात, हे सांगणाऱ्यालाही माहीत असतं.

सिंदेवाहीकडच्याच एका गावात मी दोन वर्षांपूर्वी हंगामात सकाळ काढली होती. दिवस उजाडायच्या आधी सात बायका निघाल्या. जंगलात शिरल्यावर त्या एकमेकींना दिसत नव्हत्या, पण दर थोड्या वेळाने कोणीतरी हाळी द्यायची आणि उरलेल्या एकेक करून ओ द्यायच्या. ऊन चढल्यावर घरी येऊन ओसरीवर पानांचे पुडे बांधायला बसल्या. सत्तर पानांचा एक पुडा. कमी भरला तर मुन्शी बाजूला टाकतो. बोलणं चालू, हात चालू, आकडा तोंडात कुठेच नाही. मी एक पुडा उचलून मोजला. सत्तर. दुसरा मोजला. सत्तर. शेजारची म्हातारी म्हणाली, “मोजत काहून बसलास बाप्पा, भरलेच आहेत थे.”

जंगलातून निघतानाचं एक सांगायचं राहिलं. पायवाटेवर आल्यावर सगळ्यांत पुढची बाई थांबली, डोक्यावरचं ओझं सावरत मागे वळली, आणि गठ्ठ्यांखालची डोकी तिने एकेक करून मोजली. सहाच भरली. ती तिथेच उभी राहिली आणि सातवी झाडीतून बाहेर येईपर्यंत हाळ्या देत राहिली.